मेलोमाकारोनाचा डबा

कुंदे, ये इकडे. दारात अशी पाहुण्यासारखी उभी राहू नकोस. ते स्टूल ओढ आणि इथे ओट्यापाशी बैस, माझे हात पिठात आहेत, मला काही उठता येणार नाही. आधी थोडं बोलून घेते तुला, मग खायला देते. गेल्या आठवड्यात डबा पाठवला तुझ्याकडे. पोचला ना? मग "ताई, पोचला गं" एवढं म्हणायला काय होतं? रोज सकाळी देवाचे, फुलांचे, सुप्रभाताचे फोटो साऱ्या जगाला पाठवतेस, आणि सख्ख्या बहिणीला दोन शब्द नाहीत? बघते हो मी, माझ्या मेसेजपुढे त्या दोन निळ्या खुणा येतात. वाचतेस आणि गप्प बसतेस.

वाचणाऱ्यांचा गोंधळ नको म्हणून सांगते, कुंदा काही खरोखर माझ्या स्वयंपाकघरात बसलेली नाही. ती माझी धाकटी बहीण, कळव्याला राहते. मी डोंबिवलीत, मानपाड्याच्या बाजूला. अंतर म्हणाल तर सकाळी कुकर लावून निघालं तर दुपारच्या चहाला परत, एवढंच. पण माझ्या मुलाच्या, निखिलच्या लग्नाचं कळल्यापासून तिने माझा उंबरा ओलांडलेला नाही, म्हणून मी तिच्याशी अशीच बोलते. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. आणि डिसेंबर आला की जरा जास्तच, कारण डिसेंबर आला की आमच्या घरात संत्र्याच्या सालीचा वास सुटतो.

आज सकाळी पुन्हा सुटला. आमच्याकडे वाऱ्यावर काय काय येतं ते तुला माहीत आहे, एमआयडीसीच्या बाजूने तो औषधी, नाकात बसणारा वास आला की मी धाडधाड खिडक्या लावते. आज खिडक्या उघड्या आणि तरी घरभर संत्रं. त्यामागून दालचिनी, लवंग. मी अंघोळ करून आले तर एलेनी ओट्याशी उभी, हातात आपली किसणी, आणि संत्र्याची नुसती वरची पिवळी साल किसतेय, पांढरं अजिबात येऊ न देता. मला बघून म्हणाली, "आई, पुन्हा सुरू!" आणि मला काय झालं कोण जाणे, शाळेला दिवाळीची सुट्टी लागल्यासारखं वाटलं. पदर खोचला आणि रव्याचा डबा खाली काढला.

एलेनी माझी सून. ग्रीस देशातली, समुद्राकाठच्या गावातली. निखिल तिकडे नोकरीला होता, तिथे दोघांचं जमलं, लग्नही तिकडेच झालं, आणि मग दोघं इकडे राहायला आली. गेल्या वर्षीचा हिवाळा हा तिचा इथला पहिला. हिवाळा म्हणजे काय, तर पंखा एकवर. मी आणि हे, म्हणजे माझे यजमान, दोघं स्वेटर घालून बसलेलो, हे तर कानाला मफलर गुंडाळून. आणि एलेनी बिनबाह्यांच्या ड्रेसमध्ये गॅलरीत उभी. म्हणाली, "आई, थंडी कधी येणार?" हे म्हणाले, "अगं, हीच!" ती इतकी हसली, इतकी हसली. हसता हसता मोबाइलमध्ये आईचे फोटो बघायला लागली. मला कळलं, घर आठवलं.

त्याच सुमारास ती चहा कोरा मागायला लागली. मला वाटलं, माझा चहा आवडत नाही. मग ताक नको, तूप नको, सकाळी निखिलसाठी ऑम्लेट करायची पण स्वतः खायची नाही. म्हटलं, पोर खंगेल अशाने. शेवटी निखिलला मध्ये बसवून विचारलं. तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या धर्मात नाताळच्या आधी चाळीस दिवस उपास असतो. मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणी काही नाही. तिकडे आता फार थोडे पाळतात, पण तिची आई पाळते, म्हणून ती पाळते.

मी पोळी लाटता लाटता थांबले. म्हटलं, "म्हणजे तुमचापण मार्गशीर्षच की गं!"

आणि कुंदे, पहिली आठवण मला तुझी आली. तुझे मार्गशीर्षातले गुरुवार, ते घटाभोवतीचं वस्त्र, पाच प्रकारची पानं आणायला तुझी धावपळ. लगेच तुला फोन लावला. म्हटलं, गंमत ऐक. तू काय म्हणालीस, आठवतं? "ताई, तुझ्या घरात अंडी फोडतात. मला तिथे पाणीसुद्धा घशाखाली उतरायचं नाही." आणि फोन ठेवलास.

अंड्याचं निमित्त गं. मला का कळत नाही? निखिल कॉलेजची सगळी वर्षं तुझ्याकडे कळव्याला राहिला. तुला मूलबाळ नाही, तोच तुझा. त्याच्या परीक्षेच्या दिवसांत तू टीव्हीवर चादर टाकून ठेवायचीस. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत त्याला खांद्यावरून हात टाकून उभी राहायचीस, तो तुझ्याहून उंच झाला तरी. आणि त्याच्या लग्नाचं तुला सगळ्यांच्या शेवटी कळलं, तेही फोटो बघून. त्याचं चुकलंच. पण त्या पोरीनं काय केलंय तुझं? तिला तर मावशी म्हणजे काय हे निखिलने तुझाच फोटो दाखवून शिकवलं.

असो. पिठाकडे वळते, नाहीतर ते घट्ट होईल.

मेलोमाकारोना म्हणतात याला. नाव घेताना जिभेला दोन वळसे पडतात, खाताना एकही नाही. कणीक नव्हे, मैदा, त्यात थोडा रवा, संत्र्याचा रस, साल, दालचिनी-लवंगेची पूड आणि ऑलिव्हचं तेल. आता ऑलिव्हचं तेल आपल्याकडे कशाला आणतात? बाळाच्या मालिशला. गेल्या वर्षी एलेनीने माहेरून आणलेला मोठा पत्र्याचा डबा उघडला आणि परातीत गळगळ ओतायला लागली तेव्हा हे पेपर टाकून धावत आले. "अहो, थांबवा हिला! शंकरपाळ्यांना मालिश करतेय!" एलेनीला अर्थ सांगितला तर तिने तेलाचा हात ह्यांच्या टकलावरून फिरवला. आमच्या घरात सासऱ्याच्या टकलाला हात लावणारी ही पहिलीच सून. ह्यांनी टक्कल चाचपलं. मग म्हणाले, "बरं वाटलं हो."

आणि बघ, ह्यात अंडं नाही, दूध नाही, तूप नाही. उपासाच्या दिवसांत चालावं म्हणूनच असं केलेलं. लांबट गोळा करायचा आणि किसणीच्या मागच्या बाजूवर हलकेच दाबायचा, की अंगावर बारीक ठिपके उठतात. पाक मुरायला जागा होते. भाजले की पाकात बुडवायचे, मध-साखरेच्या, आणि वर अक्रोडाचा चुरा.

पाकावरून आमचं भांडण झालं, अगदी खरंखुरं. एलेनीचा पाक सकाळीच करून गार ठेवलेला. मी म्हटलं, गार पाकात कधी काही मुरलंय? गुलाबजाम आठवा, पाक कोमट हवा. ती म्हणते, "नाही आई. एक गरम, एक गार. दोन गरम नाही." मला काही ते पटेना. भाजलेला ट्रे ओट्यावर ठेवून ती हात धुवायला गेली तशी मी गुपचूप पाक गॅसवर चढवला, पोरीचं काम सोपं व्हावं म्हणून. ती आली, भाजलेले गरम गरम पाकात टाकले, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यांचा लगदा झाला. एलेनीने पातेल्याला हात लावून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. हे वाटी-चमचा घेऊन आले आणि म्हणाले, "वा, संत्र्याचा शिरा!" तो लगदा त्यांनी एकट्याने संपवला. पुढच्या घाण्याच्या वेळी एलेनीने गॅसचं बटण बंद केलं आणि लायटर स्वतःच्या खिशात टाकला. आजही तिच्याच खिशात आहे.

ट्रे कुठून आणला म्हणशील, तर आपल्या बेकरीतून. आपण दिवाळीत नानकटाईचं पीठ घेऊन जायचो ना दोघी, ट्रेवर ओळखीसाठी चिंधी बांधून, आणि भट्टीसमोर नंबर लावून बसायचो? आमच्या घरचा ओव्हन एवढासा, त्यात सणाचा घाणा कसा मावेल. म्हणून मी एलेनी-निखिलला बेकरीत घेऊन गेले. त्या भट्टीचं तोंड, आत तो लाल उजेड, लांब दांड्याचं लाकडी फावडं. ती एकदम थांबलीच. मग निखिलच्या दंडाला धरून त्यांच्या भाषेत भराभरा बोलायला लागली. निखिलने सांगितलं, तिची आजीही सणाला असाच ट्रे घेऊन गावच्या बेकरीत जायची, वर स्वतःच्या घरचा रुमाल टाकून.

बेकरीवाले म्हणाले, "दिवाली तो गयी, माँजी. अब कौनसी नानखटाई?"

मी म्हटलं, "ये हमारी बहू के गाँव की है."

"कौनसा गाँव?"

आता ग्रीस म्हणजे कुठे हे मी काय सांगणार. म्हटलं, "दूर है. कल्याण के बहुत आगे."

रिक्षातून घरी येताना गरम ट्रे माझ्या मांडीवर, खाली जाड टॉवेल, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला आम्ही तिघं एकदम ओरडायचो, "हळू, हळू!" रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "काय, बाळंतीण आहे का?" एलेनीला तेवढं मराठी येत होतं. ती म्हणाली, "हो, मी नाही, ट्रे."

कुंदे, तू हसतेयस. मला माहीत आहे.

मग दुसरे, कुराबिएदेस. नाव राहू दे, नानकटाईच समज, भाजलेल्या बदामांचे तुकडे घातलेली, वर गुलाबपाणी शिंपडलेली आणि पिठीसाखरेत पुरून ठेवलेली. हे लोण्याचे, म्हणून उपास सुटल्यावर खायचे. पण खाण्याचा एक नियम आहे, तोंडात घास असताना बोलायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही. बोललं की पिठीसाखरेचा ढग उडतो आणि समोरचा पांढरा होतो. आता मला सांग, आपल्या घरात खाताना न बोलणारं कोण आहे? मी पहिला तुकडा मोडला आणि म्हणायला गेले, "अगं बाई, हे तर..." झालं. ह्यांच्या काळ्या स्वेटरवर बर्फ पडला. एलेनी टाळ्या वाजवत म्हणाली, "आता आली थंडी!"

आणि दिप्लेस! ते बघून तर मी ओरडलेच, "हे आपले चिरोटे!" पातळ पोळी लाटायची, पट्ट्या कापायच्या आणि तेलात सोडून तळता तळताच काट्याने गुंडाळायच्या. एलेनीचे हात भाजत होते, माझे नाहीत. चिरोटे गुंडाळण्यात माझा जन्म गेला. तिने मोबाइल उभा करून आईला फोन लावला. पडद्यावर तिची आई, माझ्याच वयाची, माझ्याच मापाची, काळा स्वेटर, केस मागे बांधलेले. ती तिच्या भाषेत काहीतरी सांगतेय, मी मराठीत उत्तर देतेय, आणि दोघींना सगळं कळतंय. तेल तापलंय की नाही हे तिला तिकडून आवाजावरून समजत होतं. शेवटी तिने पदराने डोळे पुसावेत तसे बाहीने पुसले आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मीही डोलावली. 

आता तो डबा. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

गेल्या वर्षी पहिला नीट जमलेला घाणा एलेनीने तुझ्यासाठी भरला. स्टीलचा डबा, खाली केळीचं पान, वर अक्रोड वेगळ्या पुडीत. निखिल म्हणाला, "मावशीचे गुरुवार असतात." ती म्हणाली, "म्हणून तर. अंडं नाही, दूध नाही. मावशी खाऊ शकेल." निखिलने ऑफिसला ठाण्याला जाताना तुझ्या दारात डबा दिला. तू घेतलास, दार लावलंस.

एलेनीला मी आल्या आल्या एक गोष्ट शिकवली होती, शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची. तिला हे फार आवडलं होतं. मग दोन दिवसांनी तुझ्या त्या शेजारीणबाई लेकीकडे डोंबिवलीला आल्या, त्यांच्या हाती तू डबा परत पाठवलास. दार एलेनीने उघडलं. डबा हातात घेतला, जड लागला, आणि पोरीचा चेहरा असा फुलला! "आई! मावशीने भरून पाठवला!" नाचतच आली स्वयंपाकघरात. मला वाटलं, तू चिवडा दिलास, की काय दिलंस. तिने झाकण उघडलं.

तिचेच मेलोमाकारोना. केळीचं पान जसंच्या तसं, अक्रोडाची पुडीही सोडलेली नाही.

 तिने पुडी पुन्हा नीट ठेवली. मग झाकण लावलं आणि म्हणाली, "पाक छान मुरलाय." बस्स. त्या दिवशी गॅलरीतल्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करायला तिला फार वेळ लागला. निखिल तुला फोन लावायला निघाला तर तिनेच अडवलं. आणि मी, कुंदे, मी तुझ्यावर इतकी रागावले होते, आणि तरी मनात येत होतं, खाल्ला असतास एक तर?

एक जानेवारीला त्यांच्याकडे एक केक कापतात, वासिलोपिता. वसिली नावाच्या संताचा तो दिवस. केकमध्ये एक नाणं लपवतात, ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष भाग्याचं. नाणं म्हणून मी लक्ष्मीपूजनातलं चांदीचं दिलं, उकळत्या पाण्यातून काढून. हे म्हणाले, "लक्ष्मीला भट्टीत घालतेस?" म्हटलं, "सोन्याला तापवतातच की."

जेवणं झाल्यावर सगळे टेबलाभोवती. एलेनीने सुरीने केकवर खूण केली आणि एकेक तुकडा नाव घेऊन कापायला लागली. "हा देवाचा. हा त्याच्या आईचा. हा घराचा." मी म्हटलं, आमच्या गणपतीचा? तिने लगेच एक बारीक काढला. मग वयाप्रमाणे माणसं. "हा बाबांचा. हा आईचा." आणि त्यानंतर म्हणाली, "हा कुंदामावशीचा."

 त्यांच्यात हजर नसलेल्यांचाही तुकडा काढतात, गावाला गेलेल्यांचा, दूर असलेल्यांचा. रुसलेल्यांचा काढतात की नाही हे मी विचारलं नाही. सुरी खाली गेली आणि टक् करून आवाज आला.

तुझ्या तुकड्यातून चांदी चमकली.

निखिल उडालाच, "मावशी! मावशी जिंकली!" हे म्हणाले, "ती इथे नाही, मला द्या, मी तिच्या वतीने भाग्यवान होतो." एलेनीने ह्यांच्या हातावर चापट मारली. नाणं धुतलं, पुसलं, आणि देवघरात ठेवलं. तुकडा दुसऱ्या दिवशी कचरा न्यायला येणाऱ्या बाईला दिला, कारण पहिला जो दारी येईल त्याला द्यायचा असं तिची आई म्हणाली. पण नाणं तुझं. वर्षभर मी रोज त्याला हळदकुंकू लावतेय आणि रोज मनात म्हणतेय, बघा, सगळं भाग्य ओढून नेलं आणि कळव्यात जाऊन बसली.

आता हे सगळं आजच का सांगतेय? सांगते. या वर्षी पुन्हा एलेनीने पहिला घाणा तुझ्यासाठी भरला. मी म्हटलं, "राहू दे गं." ती म्हणाली, "आई, मावशीला पाक मुरलेला आवडत नसेल. या वेळी ताजा देऊ." डबा गेला. एक दिवस झाला, दोन झाले, तीन झाले. दाराची बेल वाजली की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. हे म्हणायचे, "वॉचमनला दिला असेल." मी ह्यांना नुसते डोळे दाखवायचे, पण धाकधूक होतीच.

काल संध्याकाळी बाजारात तुझ्या शेजारीणबाई भेटल्या. मी त्यांच्या पिशवीकडेच बघत होते, डब्याचा आकार दिसतो का म्हणून. तर त्या म्हणतात, "अहो, ते संत्र्याच्या वासाचं काय होतं हो? कुंदाताईंनी मला एकच दिला. दुसरा मागितला तर म्हणाल्या, आमच्या सुनेने केलेत, मोजकेच आहेत."

आमच्या सुनेने!

कुंदे, मी भर बाजारात मेथीच्या जुड्या हातात घेऊन उभी राहिले आणि त्या भाजीवालीला पैसे द्यायचेही विसरले. तिने हाक मारली तेव्हा भानावर आले. घरी येऊन एलेनीला सांगितलं तर तिने मला तीन वेळा तेच वाक्य म्हणायला लावलं. मग निखिलला म्हणायला लावलं, नीट अर्थ सांग म्हणून. मग आईला फोन लावून तिकडे सांगितलं, आणि पलीकडून जो आरडाओरडा झाला तो बहुतेक तुझ्या कळव्यापर्यंत आला असेल. आज सकाळी उठल्या उठल्या तिने किसणी काढली ती म्हणूनच.

तर आता ऐक. एक जानेवारीचा केक करायचा आहे. या वर्षी त्यात अंडं नाही, गुरुवार असो नसो. एलेनीने आईला विचारून उपासाच्या दिवसांतली रीत काढली आहे, संत्र्याच्या रसावर आणि त्या मालिशच्या तेलावर. दोनदा करून बघितला, ह्यांनी दोन्ही वेळा संपवला, म्हणजे चांगलाच झाला असणार. पण नाणं पाहिजे. मी म्हटलं, देवघरातलं घे. तर म्हणते, "ते मावशीचं आहे. तिला विचारल्याशिवाय कसं घालायचं?" मी म्हटलं, दुसरं घेऊ. नाही म्हणते. अडून बसली आहे. तुझ्याच वळणाची निघाली बघ.

तेव्हा ये. मेसेज नको, फुलांचा फोटो नको, स्वतः ये. केक कापायच्या आदल्या दिवशीच ये म्हणजे तुझ्या हाताने नाणं पिठात पडेल. पूर्वेला उतरलीस की निखिल स्कूटर घेऊन उभा असेल, आणि त्याला जे काय बोलायचं ते तिथेच स्टेशनवर बोलून घे, घरी आणू नकोस. कुराबिएदेस खाताना तुझ्याशी भांडता येणार नाही, ढग उडतो.

हाताला लागेल ते आणत बसू नकोस, फळं नको, मिठाई नको. डबा तेवढा घेऊन ये. रिकामा आण.